खुणेचा कान

पावसाने पाठ फिरवल्याला दुसरा महिना लागला होता. ओढ्यातलं पाणी आधी हिरवं झालं, मग काळं झालं आणि शेवटी तिथे नुसत्या भेगा उरल्या. त्या भेगांत तोंडं घालून शेळ्या उगाच वास घेत उभ्या राहत. शेळीवाली रोज उजाडताच लांब काठीची आकडी घेऊन बाभळींकडे निघे. आकडीने फांदी खाली ओढायची, कोयत्याने शेंडा छाटायचा, काट्यांसकट भारा बांधायचा आणि डोक्यावर फडकं ठेवून घर गाठायचं. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे होते. जुने पांढरे, नवे लाल. मीठ हाताळताना ती ओठ दाबून धरी.

घर म्हणजे आतल्या दोन खोल्या, वरचा एक मजला आणि बाजूला उतरलेली पत्र्याची पडवी. खोल्या आणि मजला दिराचा. पडवी तिची आणि तिच्या नवऱ्याची, आणि पडवीच्या अर्ध्या भागात शेळ्या. नवरा गवंडी होता. दिराचा वरचा मजला त्यानेच बांधला होता, एका पैशाची मजुरी न घेता. आणि बांधून झाल्यावर भावाने पुढे केलेल्या कागदावर, "घरातलंच आहे, कुठे जाणार," असं म्हणत सही केली होती. त्या सहीनंतर घर भावाचं झालं. गवंडी त्याबद्दल बोलत नसे. पडवीचा पत्रा गळू लागला की मात्र तो भावाला विचारून मगच वर चढे.

शेळ्या नऊ होत्या. पाच तिच्या, चार सुईणीच्या.

नऊ वर्षांपूर्वी सुईणीने तिला एक पाट, म्हणजे न व्यालेली कोवळी शेळी, वाट्याने सांभाळायला दिली होती. शेळी मालकिणीची, राबणूक सांभाळणारीची, पिलं निम्मी निम्मी. त्या एका पाटीच्या वंशातून हा कळप वाढला होता. सुईणीच्या वाट्याच्या पिलाला डाव्या कानाच्या कडेला त्रिकोणी खाच पाडायची, म्हणजे उद्या भांडण नको. आणि वाट्याचं जनावर मेलं तर खाचेचा तो कान कापून मालकिणीपुढे ठेवायचा. कान दिसला की शब्द खरा. कान दिसला नाही तर जनावर विकलं असं धरून किंमत मोजायची. हे काही कागदावर नव्हतं. पण त्या भागात वाट्याने जनावर सांभाळणाऱ्या सगळ्याच बायका हे पाळत, कारण त्यांच्याकडे कागद नावाची गोष्ट कधी नसेच.

त्या सकाळी व्यापारी आला. त्याने एकेका शेळीच्या पाठीवर अंगठा दाबून पाहिला.

"बाई, ह्या शेळ्या आहेत का कपडे वाळत घालायच्या काठ्या?"

"हाडं मोजू नका, दात मोजा," ती म्हणाली. "सगळ्या तरण्या आहेत."

"तरण्या आहेत म्हणून तर पायांवर उभ्या आहेत. सगळा मुलूख विकायला निघालाय. गेल्या महिन्यात बोलावलं असतंस तर मीच तुझ्या पाया पडलो असतो."

"आता मी पडू का?"

तो हसला. घासाघीस करताना पुरुषासारखी बोलते, असं तो तिच्याबद्दल बाजारात सांगत असे, आणि त्याच्या मते ती स्तुती होती. शेवटी आठ शेळ्यांचा भाव ठरला. नववी, खाचेच्या कानाची काळी, तीन महिन्यांची गाभण होती आणि तिचा खूर चिरलेला होता; ती ठेवायची.

"परवा सकाळी गाडी आणतो," व्यापारी निघताना म्हणाला. "तेवढी त्यांची पोटं भरलेली दिसू देत. रिकाम्या पिशवीला मी भरल्या पिशवीचे पैसे देणार नाही."

गवंडी कोपऱ्यात थापी घासत बसला होता. काम नव्हतं, पाण्यावाचून बांधकामं बंद होती. तरी तो रोज हत्यारं काढी, घाशी आणि परत ठेवी. व्यापाऱ्याचं बोलणं त्याने ऐकलं आणि मान हलवली.

वरच्या मजल्यावरून दीर वाकला. तो गिरणीत कारकून होता आणि शब्दांना इस्त्री करून बोलत असे. "वहिनी, आठ विकताय म्हणे! आता पैशांचं काय, पत्र्याला सोन्याचा मुलामा?"

"तुमचाच पत्रा आहे, भाऊजी. मुलामा तुम्ही द्या," ती म्हणाली आणि भारा सोडू लागली.

पैशांचं काय, ते फक्त सुईणीला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी शेळीवालीची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या तेव्हा जावेने आतल्या खोलीला कडी लावली. "नवीन गादी आहे, नवीन फरशी आहे," एवढंच ती आतून म्हणाली. मग पडवीतल्या शेळ्या बाहेर काढून, जमीन खरवडून, पोतं टाकून तिथेच लेक बाळंत झाली. सुईणीने नाळ कापली, हात धुतले आणि जाताना शेळीवालीला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझ्या नवऱ्याच्या भरवशावर राहिलीस तर नातवंडांचीही बाळंतपणं इथेच होतील. स्वतःच्या नावाची जागा घे. दोन खोल्यांपुरती. तुझ्या एकटीच्या नावाची." लेक त्यानंतर माहेरी आली नव्हती.

जागा मिळाली होती. रस्त्याच्या वळणावर, निवृत्त कंडक्टरची. दोन वर्षं बोकड विकून, लेंडीखत विकून, दूध विकून तिने जमवलेला विसार त्याच्या हातात दिला होता. उरलेले पैसे ठरल्या तारखेला. आणि ती तारीख आता चार दिवसांवर होती. नवऱ्याला तिने सांगितलं नव्हतं. नवरा वाईट नव्हता, पण भावाने विचारलं की त्याच्या तोंडून सगळं बाहेर येई, फुटक्या माठातून पाणी यावं तसं.

दुपारी ती सुईणीकडे गेली. सुईण अंगणात भिंतीच्या सावलीत बसून डोळ्यांवर ओल्या कापडाची घडी ठेवून होती.

"मावशी, परवा गाडी येतेय. तुमच्या तीन शेळ्यांचे पैसे त्याच दिवशी आणून देते."

"हळू बोल. सून आत आहे." म्हातारीने घडी काढली. तिच्या दोन्ही बुबुळांवर दुधाची साय धरली होती. "पैसे इथे आणू नकोस. दवाखान्यातच ये. तारीख मिळाली आहे. आधी उजवा डोळा, मग डावा."

"मुलाला सांगितलं?"

"सांगितलं तर म्हणेल, शेळ्या तुझ्या होत्या हे इतकी वर्षं का लपवलंस. आणि मग पैसे त्याचे होतील. डोळे माझे राहतील." ती तोंडातल्या तोंडात हसली. "आयुष्यभर लोकांच्या पोरांना उजेड दाखवला, आता आपल्याला थोडा विकत घ्यायचाय. काळी कशी आहे?"

"खूर बरा होतोय. पोट चांगलं उतरलंय."

"दोन आहेत तिच्या पोटात. मी हात लावून बघितलंय." म्हातारीला जनावर आणि बाई यांच्या पोटात फारसा फरक वाटत नसे.

दुसऱ्या दिवशी शेळीवालीला नोंदणी कचेरीत जायचं होतं. दस्त आधी लिहून घ्यावा लागे. नवऱ्याला तिने सांगितलं, "कंबर फारच धरली आहे. दवाखान्यात जाऊन येते. शेळ्यांना बाहेर काढू नका; फांद्या तोडून ठेवल्यात, त्याच टाका. काळीला सोडू नका."

"तू जा गं," तो म्हणाला. "किती दिवस म्हणतोय मी, दाखवून ये. शेळ्यांचं मी बघतो." त्याने स्वतःच्या खिशातून चुरगळलेल्या दोन नोटा काढून तिच्या हातावर ठेवल्या. "औषध लिहून दिलं तर घेऊनच ये." खोट्या दुखण्यासाठी मिळालेल्या त्या नोटा तिने मुठीत धरल्या आणि बस येईपर्यंत मूठ उघडली नाही.

कचेरीच्या व्हरांड्यात दस्त लिहिणारा एका हलत्या टेबलामागे बसला होता. कंडक्टर आधीच येऊन थांबला होता.

"घेणार कोण?" लिहिणाऱ्याने विचारलं.

"मी."

"मालक कुठे आहेत?"

"कामावर."

"मग त्यांचं नाव पुढे घालू, तुमचं मागे. दोघांचं केलं की बरं असतं."

"माझं एकटीचं घाला."

लिहिणाऱ्याने चष्मा खाली करून कंडक्टरकडे पाहिलं. कंडक्टर म्हणाला, "लिहा हो. पैसे बाई देतेय, तिकीट बाईला फाडा." रांगेतले दोघे-तिघे हसले. तीही हसली. कागदावर आपलं नाव उमटताना पाहण्यासाठी ती इतकी वाकली की लिहिणारा म्हणाला, "बाई, सावली पडतेय."

परतीच्या बसला उशीर झाला. फाट्यावर उतरली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घराकडे जाणारी वाट एका शेतकऱ्याच्या ज्वारीच्या तुकड्याच्या कडेने जात असे. ज्वारी करपल्यामुळे त्याने ती महिन्यापूर्वीच चाऱ्यासाठी कापून टाकली होती, आणि मध्येच एकदा चुकार सर येऊन गेल्याने त्या खुंटांतून गुडघ्याच्याही खाली, कोवळे, काळपट हिरवे फुटवे आले होते. सगळ्या शिवारात तेवढंच हिरवं होतं. त्याला किरळ म्हणतात. पाण्यावाचून तडफडलेल्या ज्वारीच्या फुटव्यात विष साठतं; जनावराने चार घास घेतले की घटकाभरात संपतं. म्हणून शेतकऱ्याने कडेने काट्या लावल्या होत्या.

एका ठिकाणी काट्या बाजूला सारलेल्या होत्या. नीट, एकावर एक रचून ठेवलेल्या. गवंडी विटा रचतो तशा.

ती धावली. घराच्या अलीकडे, लिंबाखाली, तिला नवरा दिसला. तो मांडी घालून बसला होता आणि त्याच्या मांडीवर तांबड्या शेळीचं डोकं होतं. आजूबाजूला सहा पडल्या होत्या. पोटं फुगून ताठ झालेली, माना मागे वळलेल्या, तोंडाशी फेस. आठवी, एक पाट, अजून पाय झाडत होती.

"गूळ!" ती ओरडली. "गुळाचं पाणी पाजलंत का?"

तो तांबडीच्या तोंडाचा फेस हाताने पुसत राहिला.

ती पडवीत गेली, गुळाचा खडा तांब्यात कुस्करला, धावत आली, पाटीचा जबडा बोटांनी उघडून पाणी ओतू लागली. पाणी आत जाईना. धाप लागल्यासारखी बरगडी वरखाली झाली, मग नुसती वर गेली आणि तिथेच राहिली. ती तांबडीकडे वळली. "सोडा तिला, मान वर धरा." त्याने मान वर धरली. मान त्याच्या हातात लुळी पडली. तांब्यातलं उरलेलं गोड पाणी जमिनीवर सांडलं आणि त्यावर लगेच मुंग्या आल्या.

"पोटं भरायला नेलं होतं गं," तो म्हणाला. "व्यापारी म्हणाला होता ना, भरलेली दिसली पाहिजेत. तू दवाखान्यात. म्हटलं, तू येईपर्यंत तुला..." त्याने तांबडीचं डोकं जमिनीवर ठेवलं. "किरळ गाई-म्हशींना लागते असं मी ऐकलं होतं. शेळी तर रुईची पानंही खाते."

"काट्या कशाला लावतात, हे नाही विचारलंत कुणाला?"

"वाटलं, चोरीसाठी असतील."

त्याचं सगळं आयुष्य परातीवर, दोरीवर, ओळंब्यावर गेलं होतं. शेळ्या तिच्या होत्या. त्याने त्यांच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं, आणि ज्या एका दिवशी प्रेमाने पाहिलं तो हा.

लोक जमले. खाटकाला निरोप गेला. त्याने दुरूनच हात हलवला. "विषाचं मटण मी विकलं तर मलाच पुरायला लागाल. कातडी देतेस तर बोल." कातड्यांचा जो भाव त्याने सांगितला तो ऐकून एक बाई म्हणाली, "एवढ्यात तर सुरीला धारही लागत नाही." दीर वरून उतरून आला, नाकाला रुमाल लावून. "वहिनी, वाईट झालं. पण हे दारात ठेवू नका. माझ्याकडे उद्या साहेब येणार आहेत."

गवंड्याने पहार घेतली. ओढ्याच्या काठच्या कडक जमिनीत तो खणू लागला. ती आठही शेळ्यांच्या शेजारी कोयता घेऊन बसली आणि खाचेच्या कानांच्या तीन शेळ्या शोधून त्यांचे डावे कान कापून फडक्यात बांधले. तिच्या स्वतःच्या पाचांचे कान कुणाला दाखवायचे नव्हते. खड्ड्याच्या तळाशी पोचल्यावर गवंड्याने कपाळावरचा घाम पुसला तेव्हा ती म्हणाली,

"मी दवाखान्यात गेले नव्हते."

त्याने पहार टेकवली.

"रस्त्याच्या वळणावर जागा घेतली होती. दोन खोल्यांपुरती. तीन दिवसांनी पैसे द्यायचे होते. विसार दिलाय."

त्याने पहारीला चिकटलेली माती हाताने काढली. मग म्हणाला, "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर भाऊजींना कळलं असतं."

"मी नसतं सांगितलं."

"तुम्ही सांगितलं असतं," ती म्हणाली, न रागावता. "तुमच्याच तोंडाने नाही, तर तोंडावरून."

तो परत खणू लागला. आता त्याची पहार पहिल्यापेक्षा जोरात पडत होती.

सकाळी ती बाभळींकडे गेली. काळीसाठी एक भारा पुरे होता, आणि तो बांधायला आज तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. परत आली तेव्हा गवंडी पडवीच्या तोंडाशी उभा होता. काळी खांबाला आखूड बांधलेली होती आणि डोकं झटकत होती. तिच्या डाव्या बाजूला, कानाच्या जागी, हळद लिंपलेली चिंधी होती. हळदीतून रक्त झिरपत होतं.

गवंड्याने हात पुढे केला. तळव्यावर काळा, मऊ, खाचेचा कान होता.

"चार झाले," तो म्हणाला. "हा मावशीपुढे ठेव. गाभण आहे, एवढी एक राहिली तर तुझं परत उभं राहील."

"काय केलंत हे?"

"कुत्र्याने तोडला म्हणू. कुणी विचारणार नाही."

"मी विचारतेय."

"माझ्यामुळे गेलं ना सगळं? मग माझ्यानेच थोडं भरून देऊ दे." त्याने हात आणखी पुढे केला. "तुझ्यासाठी केलं गं. दुसरं काय येतं मला?"

कान तिच्या हातात होता. अजून कोमट होता. तिने तो खाली टाकला नाही, हे पुढे पुष्कळ दिवस तिच्या ध्यानात राहिलं.

सुईणीच्या घरी जायला पाऊण तास लागे. वाटेत तिने दोनदा थांबून फडकं सोडलं. तिघींचे कान कडक झाले होते, कडा आत वळल्या होत्या. चौथा नरम होता. तीन ठेवायचे की चार, हे तिने वाटेभर ठरवलं नाही. ठरवलं नाही म्हणजे चारही जवळ राहिले.

सुईणीला बातमी कळली होती. तिने जवळ बस असं खुणेने सांगितलं. सून विहिरीवर गेली होती, पण केव्हाही येईल म्हणून दोघी कुजबुजतच बोलत होत्या.

शेळीवालीने फडकं उलगडलं. म्हातारीने बोटं पुढे केली. एक कान उचलला, खाच चाचपली, बाजूला ठेवला. दुसरा. तिसरा. मग बोटं फडक्यावरच फिरत राहिली आणि चौथ्याला लागली.

"ही काळी का?"

"हो."

"हिला बांधून ठेवली होती ना?"

"सुटली," शेळीवाली म्हणाली. "दाव्याची गाठ सैल होती."

म्हातारीने चौथा कान अंगठा आणि तर्जनीत धरला, किंचित दाबला आणि ठेवून दिला. "म्हणजे पोटातली दोन्ही गेली."

"हो."

हे दुसरं हो पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

"तुझ्या किती?"

"पाच."

"मग तुझं जास्त गेलं." म्हातारीने हात चाचपत तिचा दंड शोधला आणि त्यावर ठेवला. "नवऱ्याला मारू नकोस. तोंडानेसुद्धा. एकदा का पुरुष शेळी राखायला भ्याला, की जन्मभर बाईनेच राखायची." ती थोडी हसली. मग म्हणाली, "डोळ्यांचं आता मुलाला विचारावं लागेल. विचारायचं नव्हतं मला."

विहिरीवरून बादली आपटल्याचा आवाज आला. म्हातारीने चारही कान चटकन फडक्यात गोळा केले, गाठ मारली आणि तिच्या मांडीवर सारले. "घेऊन जा. सून बघेल."

ठरल्या तारखेला ती कंडक्टरकडे गेली. तो दारातच भेटला. त्याला सगळं माहीत होतं. आठ शेळ्या एकदम मेल्याची बातमी बसमधूनही फिरली होती. कागदात लिहिल्याप्रमाणे तारीख चुकली की विसार बुडतो, हे त्याने तिला शांतपणे वाचून दाखवलं. मग आत जाऊन विसाराचा पाव भाग आणून दिला. "मी राक्षस नाही, बाई. पण माझ्याही मुलीचं शिक्षण आहे. दुसरं गिऱ्हाईक कालच येऊन गेलं." तिने पैसे घेतले. तो नाही म्हणाला असता तरी भांडली नसती, आणि देतोय म्हणून आभारही मानले नाहीत. दस्त लिहिणाऱ्याकडे राहिलेला कागद रद्द करायला कचेरीत पुन्हा जावं लागेल, त्याचा खर्च कुणी करायचा, एवढंच तिने विचारलं. "तुम्हीच," तो म्हणाला.

पाऊस आला तो उशिरा आला आणि कंजूषपणे आला, पण बांधकामं सुरू झाली. गवंडी कामावर जाऊ लागला. तीही जाऊ लागली, त्याच्याच हाताखाली विटा वाहायला. दिवसभर डोक्यावर आठ आठ विटा घेऊन शिडी चढायची. वर तिचा नवरा विटा उतरवून घेताना तिच्या तोंडाकडे बघत नसे. दिराच्या साहेबांनी पडवीत गोदाम करण्याची सूचना केली होती आणि दीर ती वारंवार, सहज म्हणून, सांगू लागला होता.

काळी व्याली. दोन पाटी झाल्या. कान गेलेली जागा सुकून गुळगुळीत झाली होती. मुलं तिला कानतुटकी म्हणत.

सुईणीच्या मुलाने डोळ्यांचं पुढच्या वर्षी बघू म्हटलं होतं. हे शेळीवालीला बाहेरून कळलं. ती सुईणीकडे पुन्हा गेली नव्हती. जाईन, जाईन म्हणता दोन महिने गेले.

एका सुट्टीच्या दिवशी ती पडवीत पिलांना पाजत होती. एकेकीला धरून काळीच्या कासेला लावायचं, दुसरी मध्ये घुसली की ढकलायची. तेव्हा तिला भिंतीवर काठी घासल्याचा आवाज ऐकू आला. आवाज थांबे, पुन्हा घासे. तिने मान वर केली. सुईण एक हात भिंतीला लावून, दुसऱ्या हातातली काठी पुढे टाकत एकटीच येत होती. पाऊण तासाची वाट तिला अर्धा दिवस लागली असावी. पाय गुडघ्यांपर्यंत धुळीने पांढरे झाले होते.

शेळीवाली उठली नाही.

"पिलं ओरडतायत," म्हातारी पडवीच्या तोंडाशी थांबून म्हणाली. "आईही ओरडली मघाशी. हिचा आवाज मी अंधारातसुद्धा ओळखते, आणि आता तर सगळाच अंधार आहे." ती काठी टेकवत खाली बसली, पुढे सरकली. हात काळीच्या पाठीवर गेला, मानेवर गेला, डोक्यावर गेला, आणि डाव्या बाजूला येऊन थांबला. बोटांनी त्या गुळगुळीत कडेवरून एकदा इकडून तिकडे फिरून पाहिलं.

"जखम चांगली भरली," ती म्हणाली. "हळद लावली होती?"

"मावशी..."

"मेलेल्या जनावराचा कान दुसऱ्या दिवशी वाळलेला असतो. तू आणलास तो ओला होता. पन्नास वर्षं मी ओलं आणि कोरडं हेच बघत आले."

"मग त्याच दिवशी का नाही बोललात?"

"सून येत होती." म्हातारीने काठी बाजूला ठेवली. "आणि वाटलं, ही आपणहून येईल. दोन महिने वाट बघितली."

शेळीवाली रडली नाही. रडणं तिला त्या क्षणी आणखी एक लबाडी वाटलं असतं. नवऱ्याने केलं, हे तिच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. "न्या तुम्ही तिला," ती म्हणाली. "दोन्ही पिलंही न्या. तुमचीच आहेत."

"आणि ठेवू कुठे? सुनेच्या गादीवर?" म्हातारीने हात लांब केला. "पिलं दे इकडे."

शेळीवालीने एक पाट उचलून तिच्या मांडीवर ठेवली. सुईणीने तिला नाकापासून शेपटीपर्यंत चाचपलं. जबडा, बेंबी, चारही खूर, नव्या जन्मलेल्या मुलाला चाचपावं तसं. मग दुसरी घेतली आणि तसंच केलं. दुसरीच्या कपाळावर भोवऱ्याशी तिचा अंगठा थांबला.

"शेळी माझी. पिलं निम्मी निम्मी. ही माझी."

"थांबा, कोयता आणते. खाच पाडते."

"खाच नको." म्हातारीचा आवाज चढला नव्हता. "आता कुणाचा कान कापायचा नाही. मी हाताने ओळखीन."

ती काठीवर भार देऊन उठली. शेळीवाली हात धरायला पुढे झाली, पण म्हातारीने भिंत धरली.

"पूर्वी मी वर्षातून दोनदा बघायला यायचे," ती निघताना म्हणाली. "आता दर आठवड्याला येईन."